गोड केलेले निरोप

मोहदरीत फोन लागायचा तो एकाच जागी. दैवशालाच्या शेताच्या वरच्या बांधाला, काळ्या खडकापाशी. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची एक सोंड पुढं आली आहे. तिच्या पोटात, तीन बाजूंनी कडे पांघरून ही सत्तर घरांची वाडी बसलेली. वाडीत मोबाईल नव्हते असं नाही, पण ते उजेडाला आणि गाणी ऐकायला. कुणाशी बोलायचं म्हणजे पाऊण तासाची चढण चढून खडकावर यायचं. रेशनवालासुद्धा अंगठ्याचं मशीन घेऊन महिन्यातनं एकदा तिथंच बसायचा आणि सगळी वाडी पिशव्या घेऊन दैवशालाच्या तुरीत रांग लावायची. पाच-सहा ओळी तूर दरसाल त्या रांगेत तुडवली जायची. तिचा नवरा भारत कुरकुरायचा, पण तोंडातल्या तोंडात.

दोघं नवरा-बायको शेतातच घर करून राहत होती, त्यामुळं दैवशालाच्या मोबाईलला दिवसभर रेंज. पुण्याला, संभाजीनगरला कामाला गेलेल्या पोरांनी हळूहळू तिचाच नंबर घरचा म्हणून धरला. "वहिनी, आईला सांगा, शनिवारी येऊन राह्यलो." "काकू, बाबाच्या गोळ्या संपल्या का विचारा." संध्याकाळी ती डेअरीचं दूध घेऊन खाली उतरायची तेव्हा किटलीबरोबर निरोपही उतरायचे. पोरगा झाला, नोकरी लागली, अमक्याची सासू गेली. लिहून घ्यायची तिला गरज पडत नसे. केदारखेड्याच्या शाळेत सातवीपर्यंत तिचं पाठांतर पहिल्या नंबरचं होतं. माहेरचं तेवढं एक सासरी उपयोगाला आलं, असं ती हसून म्हणायची.

सगळे निरोप ती जसेच्या तसे द्यायची. एका घराचे मात्र नाही.

तातेरावचं घर वाडीच्या पार खालच्या टोकाला. चार वर्षांमागं, श्रावणात, त्याची बायको प्रभावती सकाळपासून छाती दुखते म्हणत होती. पोरगा अंगद म्हणाला, दादा, आत्ताच्या आत्ता खाली नेऊ. तातेराव म्हणाला, वात धरला असंल, ओवा दे. दुपारी तिचा रंग बदलला तेव्हा अंगद पळत डोंगर चढला, खडकावरनं ॲम्ब्युलन्सला फोन केला, पळत उतरला. चौघांनी झोळीत घालून प्रभावतीला घाटाच्या पायथ्याशी नेलं. गाडी आलेली होती. बाईच राहिली नव्हती. तेराव्याचा मांडव उतरला त्याच दिवशी अंगद चाकणला निघून गेला, तो परत आला नाही. बापाला गुडघ्यानं डोंगर चढवेना, पोराला पायानं वाडीत शिरवेना. मधे उरली दैवशाला.

पहिल्या दिवाळीला अंगदचा फोन आला होता. "त्यांना सांगा वहिनी, सातबाऱ्यावर वारस लावायचाय, सही लागंल. दुसरं काही न्हाई." तो निरोप घेऊन ती उतरली तर तातेराव ओट्यावर एकटाच बसलेला. सगळ्या वाडीत आकाशकंदील लागलेले, ह्याच्या दाराला पणती नाही. सहीचं सांगून झालं आणि तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिला राहवलं नाही. "आणि म्हणला, दादांना म्हणावं गुडघ्याला तेल लावत जा," ती म्हणाली.  म्हातारा उठला आणि देवळीतली पणती शोधायला लागला.

एवढंच झालं होतं. पण एकदा उघडलेलं दार उघडंच राहिलं. तातेराव म्हणायचा, "शेत पिकलं काय न पडलं काय, त्याला काय करायचं?" ती वर जाऊन सांगायची, "दादा म्हणले, यंदा मका लय झाक आली, तू बघायला पाहिजे हुतास." अंगद म्हणायचा, "बरे हायेत ना? मंग झालं." ती खाली येऊन सांगायची, "तुमची लय काळजी करतो बघा मामा." पुढं पुढं त्या खोट्याला खरी फळं लागली. अंगदनं पार्सलनं खरोखरच गुडघ्याच्या तेलाच्या दोन बाटल्या पाठवल्या. तातेरावनं, पोराला खोकला झाल्याचं ऐकून, डोंगरातल्या मधाची बाटली फडक्यात बांधून दिली. अंगदच्या खोकल्याचं मी विचारलं म्हणून सांग, असं मात्र तो म्हणाला नव्हता. ते तिनं आपल्या पदरचं घातलं.

दैवशालाला त्यात पाप वाटलं नव्हतं. भाकरी कोरडी असली तर आपण वर तेलाचा थेंब सोडतोच की.

मार्गशीर्षात कनिका आली. जालन्याच्या गौतमचंद शेठची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, पाठीवर दप्तर आणि पायात बूट. शेठचं जालन्यात कापडाचं दुकान. पोरगी इंजिनीयर होऊन एका छोट्या कंपनीत लागली होती, आणि त्या कंपनीनं डोंगरातल्या वाड्यांना इंटरनेट पोचवायचं काम घेतलं होतं. याच्या आधी मोठ्या कंपन्यांचे लोक दोनदा येऊन घरं मोजून गेलेले. सत्तर घरांसाठी टॉवर परवडत नाही म्हणाले. कनिकाचं गणित वेगळं होतं. खालच्या गावच्या टॉवरवरनं हवेतनं इंटरनेट आणायचं, डोंगरावर एका खांबाला थाळी लावून ते धरायचं आणि वाडीत घराघरावर बसवलेल्या छोट्या डब्यांत सोडायचं. मोबाईलवर बोलणंही त्याच्यावरनंच होणार. खांबाला जागा एकच होती. काळा खडक.

"काकू, तुमची जागा लागेल. चार बाय चार फूट," कनिका म्हणाली.

"घ्या की," भारतच आधी बोलला. "निदान ती रेशनची रांग तरी जाईल आमच्या तुरीतनं."

जीप घाटाच्या पायथ्याशीच थांबायची. तिथून वीस फुटी लोखंडी खांब दोन तुकड्यांत खांद्यावर, बॅटऱ्या पाट्यांत, सोलरच्या काचा बाजल्यावर बांधून, असं सगळं वाडीनं वर चढवलं. कनिका आठ दिवस दैवशालाकडंच राहिली. जैन असल्यामुळं जमिनीखालचं काही खात नव्हती, आणि दिवस बुडायच्या आत जेवायची. दैवशाला चार वाजताच चूल पेटवायची. कांदा-लसणाविना बेसन, ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. पोरगी पोटभर जेवायची आणि म्हणायची, "मम्मीला सांगितलं तर खरं वाटणार नाही, डोंगरावर माझी एवढी बडदास्त ठेवली जातेय."

थाळीचं तोंड जुळवायच्या दिवशी कनिका खांबावर चढली आणि खाली दैवशालाला लॅपटॉपपुढं बसवलं. पडद्यावर एक आकडा हलत होता, जेवढा कमी तेवढी रेंज चांगली. कनिका वर थाळी केसभर फिरवायची आणि विचारायची.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आता?"

"पंचाहत्तर... न्हाई, सत्त्याहत्तर. पंचाहत्तरच धरा."

"काकू!" वरनं कनिका ओरडली. "मला बरं वाटावं म्हणून नका सांगू. जे दिसतंय तेच सांगा, बराबर. नाहीतर मी खांबावरनं उतरल्यावर कळेल सगळं वाकडं बसलंय."

दैवशाला पडद्याकडं नीट वाकली. मग जसं दिसलं तसं सांगत गेली. थाळी जुळली. कनिका खाली उतरली तेव्हा तिचे हात थंडीनं आणि लोखंडानं लाल झाले होते, पण चेहरा खुलला होता. "सोमवारपासून घराघरात चालू. तुमची कटकट संपली काकू. आता कुणाचे निरोप घेऊन उतरायला नको."

त्या रात्री दैवशालाला झोप लागली नाही, असं काही झालं नाही. ती दमून मेल्यासारखी झोपली. पण सकाळी चुलीपुढं बसल्यावर पहिला विचार आला तो तातेरावचा. सोमवारी बाप-लेक बोलणार. पोरगा म्हणेल, तुम्ही विचारलं होतं ना खोकल्याचं? बाप म्हणेल, मी कधी विचारलं?

दोन दिवसांनी अंगदचा फोनही आला. "वहिनी, दादांसाठी एक मोबाईल पाठवलाय, वाडीला निघालेल्या वसंताबरोबर. नंबर टाकून ठेवलाय. तुम्ही फक्त त्यांना उचलायचा कसा ते दाखवा." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "त्यांना माझ्याशी बोलायचंय म्हणून तुम्ही म्हणल्या हुत्या ना दसऱ्याला? म्हणून म्हणलं, आपणच आधी लावावा."

दसऱ्याला तातेराव त्यातलं एक अक्षर बोलला नव्हता.

डबे बसवायला कनिका खाली निघाली तेव्हा दैवशाला बरोबर होती. वाटेत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते शेवटलं घर, मामांचं... तिथं जरा मागनं बसवलं तर?"

"का? काही अडचण आहे?"

"अडचण न्हाई. एकटं माणूस हाय. काय करायचंय त्यास्नी लगेच."

कनिका थांबली. "एकट्या माणसालाच तर पहिला लावला पाहिजे ना काकू?"

 "बसवा," ती म्हणाली. "मीच जाऊन सांगते त्यास्नी."

तातेराव अंगणात दोर वळत बसला होता. दैवशालानं वसंतानं आणून दिलेला मोबाईल त्याच्यापुढं ठेवला, उचलायचा आणि लावायचा कसा ते दाखवलं, दोनदा त्याच्याकडनं करून घेतलं. मग ती उठली नाही.

"मामा, एक बोलायचं हाय."

"बोल की."

"अंगदभाऊचे निरोप मी तुम्हाला द्यायची... ते समदे त्याचे नसायचे."

दोर वळणारे हात थांबले. तिनं मग पहिल्या दिवाळीपासून सांगायला घेतलं. पाठांतर चांगलं होतं म्हणून कोणतं वाक्य कुणाचं, हे तिला चोख आठवत होतं. तेल लावा म्हणाला नव्हता. काळजी करतो म्हणाला नव्हता. मका बघायला ये असं तुम्ही म्हणाला नव्हता, मी सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, म्हातारा आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्या तेलाच्या बाटल्या?" त्यानं विचारलं.

"त्या त्यानंच पाठवल्या. बिलकुल त्यानंच."

"का पाठवल्या?"

"गुडघा लय दुखतो असं तुम्ही म्हणला, हे मी त्याला सांगितलं हुतं."

"मी न्हवतो म्हणलो."

"न्हाई."

तातेरावनं दोर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "खरं काय म्हणला हुता तो, ते सांग. एकदा तरी म्हणलाच असंल की."

दैवशालाला हे टाळायचं होतं. पण सुरुवात केली होती. "पहिल्या साली. वर्षश्राद्धाच्या येळी. तुम्ही त्याला बोलावलं हुतं, तवा म्हणला... त्यांच्यामुळं आई गेली, त्यांच्यापुढं बसून मी घास खाणार न्हाई."

"आणि तू मला काय सांगितलं?"

"रजा भेटली न्हाई म्हणून."

म्हातारा हसल्यासारखा झाला. पण हसू नव्हतं ते. "दैवशाला, ते मला ठाऊक हाय गं. तो पळत डोंगर चढला तवाच त्याच्या तोंडावर दिसलं हुतं मला. पण त्यानं ते म्हणलं, हे मला कळायला पाहिजे हुतं. मंग मी जवाब दिला असता. माझ्यापाशी जवाब हाय. चूक झाली हा बी जवाबच असतो. चार वर्सं तो जवाब मी गिळून बसलोय. वाटायचं, पोरगं तर गोड बोलून राह्यलं, आपण कशाला जुनं उकरायचं?"

ती खाली पडलेले दोराचे धागे गोळा करायला लागली.

"तू चांगल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "पण आमचं भांडण तू आम्हाला करू दिलं न्हाई." आणि दोर उचलून तो परत वळायला लागला, म्हणजे आता जा.

चढण चढताना ती तीनदा बसली. भाकरीवरच्या तेलाचं तिला आठवलं आणि स्वतःचाच राग आला. भाकरी काय, पोटात गेली की संपली. बोललेलं कुठं संपतं? आपल्या एका वाक्यानं त्या घरात पणती लागली होती हे खरं. आणि त्याच वाक्यानं बाप-लेकाला इतकं बरं वाटत राहिलं की दोघांतला एकही जागचा हलला नाही, हेही खरंच. यातलं कुठलं मोठं, ते तिला ठरवता येईना. आजवर तिनं कुणाच्या वाईटाचा विचार केला नव्हता, आणि तेवढं पुरतं असं ती धरून चालली होती.

सोमवारी दुपारी घरोघरी डब्यांवरचे हिरवे दिवे लागले. वाडीत नुसता गलका झाला. मालनबाईनं मुंबईच्या नातवाला पडद्यावर पाहिलं आणि त्याला पदरानं पुसायला लागली. पोरं शाळेच्या ओट्यावर जमली. खडकावरनं दैवशालाला सगळी वाडी दिसत होती. खालच्या टोकाला तातेराव अंगणात उभा होता, मोबाईल कानाला. मग तो चालायला लागला. अंगणातनं शेतात, शेतातनं बांधावर. हात वर करत होता, काही तरी मोठ्यानं बोलत होता. मग हात खाली आला. थोड्या वेळानं परत मोबाईल कानाला. असं तीनदा झालं. एकही शब्द तिच्यापर्यंत आला नाही. चार वर्षांत त्या दोघांचं तिच्यावाचून झालेलं हे पहिलंच बोलणं.

कनिका निघताना तिला कामाला लावून गेली. आठवड्यातनं एकदा सोलरच्या काचा पुसायच्या, थाळी हलली का बघायची, दिवा लाल झाला तर कळवायचं. "केअरटेकर म्हणून तुमचं नाव टाकलंय काकू." दैवशाला काचा पुसायची. पण बाकीचा दिवस सुना झाला. खडकावर कुणी येईना. रेशनचं मशीन आता वाडीतच चालू लागलं. मोबाईल कोनाड्यात पडून असायचा. दूध घेऊन खाली गेली की बाया उत्साहानं सांगायच्या, पोराचा फोन आल्ता, असं म्हणला, तसं म्हणला. आणि पहिल्यांदाच त्या बातम्या तिला त्यांच्या तोंडून कळायच्या. आनंद होता त्यात. थोडं काही हातातनं गेल्यासारखंही होतं. तातेरावच्या दारावरनं जाताना ती नमस्कार करायची, तो मान हलवायचा. एवढंच.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी अंगद आला. तो आधी खालच्या घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढून दैवशालाकडं. अंगानं भरला होता, कानाजवळ केस पिकले होते. पाणी प्यायला, खडकावर बसला, थाळीकडं बघत.

"तुम्ही मला फसवलं वहिनी," तो म्हणाला.

"हो," दैवशाला म्हणाली.

तिनं लगेच कबूल केल्यावर त्याचा आवाज उतरला. "दादा पहिल्या फोनलाच सगळं बोलले. मी बी बोललो. जे बोलायला नको ते. तीनदा फोन कापला मी. चौथ्यांदा वाटलं, आता बसतील गप, तर परत त्यांचाच आला. म्हणले, तुझं झालं का? आता माझं ऐक. त्या दिवशी तुझं ऐकायला पाहिजे हुतं. माझी चूक झाली. मला वाटलं, न्यायला घेतलं तर ती घाबरंल." त्यानं खडकावरचा खडा उचलून खाली टाकला. "मला म्हणले, तू माफ करू नको, पण ये."

"मंग आला तुम्ही."

"आलो. रात्री परत भांडण झालं," अंगद म्हणाला, आणि आता त्याला हसू आलं. "म्हशीवरनं. विकू म्हणलं तर अंगावर धावून आले. एक दीड तास चाललं. मंग दोघं बी जेवलो."

दैवशालानं चहा टाकला. अंगद चुलीपाशी येऊन बसला. "एक सांगू का? दरवर्षी श्रावणात मी बॅग भरायचो. राग यायचा, वाटायचं, जाऊन एकदाचं तोंडावर बोलावं. आणि तेवढ्यात तुमचा फोन. दादांनी मध पाठवलाय, दादा तुमची आठवण काढत्यात. राग जायचा. बॅग परत रिकामी. त्या गोडव्यानं मी जगलो बी, आणि त्यानंच अडकून बी राह्यलो. कशाचे आभार मानू न कशाचा राग धरू, मला कळंना."

"राग धरा," ती म्हणाली. "थोडे दिवस धरा. मला चालंल."

तो चहा प्यायला, कप विसळून ठेवला, दोन दिवस राहून चाकणला परत गेला. जाताना तातेराव त्याला पोचवायला घाटाच्या तोंडापर्यंत काठी टेकत आला होता, असं भारतनं पाहिलं. दोघं वाटेतही कशावरनं तरी वाद घालत होते म्हणे.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, दुपारच्या वेळी, कोनाड्यातला मोबाईल वाजला. अंगदचं नाव. दैवशालानं घाईनं हात पुसले. "हं अंगदभाऊ, बोला. दादांचा फोन लागत न्हाई का? दिवा तर हिरवा हाय."

"लागतो की. सकाळीच बोललो."

"मंग? कुणाला काय सांगायचंय?"

"कुणाला न्हाई," अंगद म्हणाला. "तुम्हालाच केलाय. तुमची कंबर धरली हुती ना, दूध घेऊन उतरताना दिसलं मला. कशी हाय आता?"

दैवशाला दारात उभी राहिली. त्या फोनवर आजवर तिनं कितीतरी जणांच्या तब्येती विचारल्या होत्या, सांगितल्या होत्या. उत्तर जिभेवर तयार होतं, बरी हाय, तुम्ही काळजी करू नका. ते तिनं मागं घेतलं.

"दुखती," ती म्हणाली. "लय दुखती अंगदभाऊ. रात्री कूस बदलता येत न्हाई." आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसून, कधी सुरू झालं, काय काय करून पाहिलं, भोकरदनचा डॉक्टर काय म्हणाला, ते ती सावकाश सांगत राहिली.